उत्तेजनार्थ कंपास

आमच्या घरात तीन कंपास बॉक्स आहेत. पत्र्याचे, झाकणावर कडंवाला शनी आणि त्याच्या शेजारून झेपावणारं एक लाल रॉकेट. एकात मी पेनड्राइव्ह ठेवते, दुसऱ्यात सुयादोरे, तिसऱ्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या. हे तिन्ही मला बक्षीस मिळालेले आहेत. शाळेत असताना नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या, सत्तेचाळिसाव्या आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लालबागमधल्या आमच्या चाळीच्या गणपतीपुढे, दहावी-बारावीच्या पोरांच्या रांगेत उभं राहून. बक्षिसाचं नाव उत्तेजनार्थ.

आता हे कसं झालं ते सांगते. लोकांना सांगून सांगून ही गोष्ट माझ्या तोंडात बसली आहे. हसण्याच्या जागाही ठरल्या आहेत. फक्त मी अलीकडे त्या जागांवर जरा उशिरा हसते.

मी दादरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गुरुत्वाकर्षणाचा धडा मी इतक्या वेळा शिकवला आहे की कुठल्या वाक्याला मागच्या बाकावरचा कुठला चेहरा जांभई देणार हे मला आधी कळतं. सीनियर कॉलेजला जायचं तर पीएचडी हवी, आणि आमच्या स्टाफरूममध्ये पीएचडी म्हणजे थिन फिल्म. काचेच्या तुकड्यावर कुठल्यातरी रसायनाचा पातळ थर द्यायचा, तो भट्टीत तापवायचा, मोजायचा. मग तापमान बदलून पुन्हा तापवायचा, पुन्हा मोजायचा. दर तापमानाला एक आलेख, चार आलेखांचा एक पेपर, चार पेपरांची एक पीएचडी. माटुंग्याचे एक सज्जन सर मला विद्यार्थिनी म्हणून घ्यायलाही तयार होते. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, अगं, थिन फिल्म घे, तीन वर्षांत मोकळी होशील.

हे वाक्य तिनं ज्या सुरात म्हटलं तो सूर मी ओळखत होते. मला स्थळं सांगून यायची तेव्हा गिरगावात माझी आत्या याच सुरात बोलायची. मुलगा सरळ आहे, घर स्वतःचं आहे, नाक जरासं मोठं आहे, पण तू कुठे रोज बघत बसणार आहेस. आयुष्यभर मी सोयीचं तेच घेतलं होतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी खगोलशास्त्र करते म्हणाले तेव्हा वडिलांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं होतं की त्याची ऑफिसं कुठे असतात. त्यांना चिडवायचं नव्हतं. आमचं घर तीन पिढ्यांच्या कारकुनांचं, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मग एमएस्सी, बीएड, लालबाग.

तर सेहेचाळिसाव्या वर्षी मी माटुंग्याच्या सरांना नाही म्हणून सांगितलं आणि खगोलशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेला बसले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा बांगड्याचे काटे काढत होता. त्यानं एकच विचारलं, रात्री बाहेर राहावं लागेल का? मी सांगितलं की आता कुणी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. उपग्रह वर फिरतो, आकडे खाली येतात, आपण घरी बसून कॉम्प्युटरवर ते उलगडायचे. म्हणजे घरीच, तो म्हणाला आणि पुढच्या बांगड्याकडे वळला.

सासूबाईंचं तसं नव्हतं. त्या कोकणातून लग्न होऊन या खोलीत आल्या आणि सासरे गिरणीत होते तेव्हा त्यांनी इथेच गिरणी कामगारांची खाणावळ चालवली, दोन पाळ्यांची. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, आणि ता शिकान काय होतला?

काहीच होणार नाही, मी म्हटलं. त्या दिवशी मला फार खरं बोलायची हुक्की आली होती.

"मगे शिक," त्या म्हणाल्या. "ज्येचा काय होवचा नाय, त्येका घाय नसता."

लेखी परीक्षा पास झाले आणि संशोधन संस्थेत मुलाखतीला गेले. तिथे दारातल्या शिपायानं माझ्याकडे पाहून अदबीनं सांगितलं, पालकांनी बाहेर बाकावर बसायचं. आणि मी बसले. वीस वर्षं पालकसभेच्या दिवशी मी स्वतः हेच वाक्य याच आवाजात म्हणत आले होते, त्यामुळे पाय आपसूक बाकाकडे वळले. शेजारी एका मुलीची आई होती. तिनं मला लाडू दिला, आम्ही मुलांच्या झोपेबद्दल बोललो. आतून माझं नाव दोनदा पुकारलं गेलं. तिसऱ्यांदा शिपाईच बाहेर आला आणि जरा काळजीनं म्हणाला, मॅडम, तुमची मुलगी कुठे गेली, आत बोलावतायत.

"मीच ती मुलगी," मी म्हटलं आणि तोंडात लाडू तसाच घेऊन आत गेले.

आत तिघे बसले होते. मधल्या गृहस्थांनी विचारलं, या वयात का? मी म्हटलं, दुसरं कुठलं उरलं नाही. ते हसले, मीही हसले. मला वाटतं त्या हसण्यावरच माझी निवड झाली. माझे गाईड त्या तिघांत सर्वांत उजवीकडे होते आणि अजिबात हसले नव्हते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, शांत, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर म्हणते. दारात कुणी आधी शिरायचं यावर आमचा अजूनही वेळ जातो.

आता कंपासकडे येते. आमच्या चाळीच्या मंडळात गणपतीच्या पाचव्या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार असतो. नियम सोपा आहे. चाळीत जो कोणी शिकतो त्यानं मार्कशीटची झेरॉक्स सेक्रेटरींकडे द्यायची. टक्क्यांप्रमाणे पहिला, दुसरा, तिसरा आणि उरलेले सगळे उत्तेजनार्थ, म्हणजे कुणाचंच पोर रिकाम्या हातानं घरी जात नाही. पहिल्या वर्षी सासूबाई मला न सांगता माझ्या फीच्या पावतीची झेरॉक्स काढून देऊन आल्या. सेक्रेटरी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावाचे मित्र, मी त्यांना भावजी म्हणते. त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली, टक्के कुठेच दिसले नाहीत, आणि सासूबाई समोरून हलेनात. मग त्यांनी नियमाप्रमाणे मला उत्तेजनार्थमध्ये घातलं.

माईकवर माझं नाव आलं तेव्हा मी भक्तिभावानं सर्वांत मागे चहाचे कप गोळा करत होते. लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी घातली. मला रंगमंच मिळाला की मी तो सोडत नाही. पदर खोचला, दोन वेण्या असल्यासारखी मान झटकली आणि पाचवीतल्या एका मुलाच्या मागे जाऊन रांगेत उभी राहिले. पाहुण्यांनी सवयीनं डोक्यावर थाप द्यायला हात उचलला, अर्ध्यावर मला पाहिलं, आणि त्या हाताचा तिथल्या तिथे नमस्कार झाला. मी वाकून कंपास घेतला. तो महिनाभर चाळीत माझाच प्रयोग चालू होता.

दुसऱ्या वर्षी लोक कमी हसले. मी वेण्या झटकल्या, पण नाटक जुनं झालं होतं. तिसऱ्या वर्षी कुणीच हसलं नाही. मी गेले, घेतला, आले. खाली उतरताना पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी प्रेमानं विचारलं, झालं नाही का अजून? बाथरूमच्या लाद्यांचं काम रखडलं की विचारतात, तसं.

त्या तीन वर्षांत मी काय करत होते? माझा विषय रूपविकारी तारे. या ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त होत राहतो, काहींचा काही तासांच्या ठेक्यात. मला एक तारा दिला होता, उपग्रहानं टिपलेला. त्याचा ठेका चुकायचा. मध्येच एक जादा मात्रा यायची, एरवी येऊ नये अशी. ती का येते हे शोधायचं. त्यासाठी आधी प्रोग्रॅम लिहायला शिकले. मला तो शिकवणारी मुलं माझ्या कॉलेजात असती तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं, इतकी ती खुर्चीत वाकडी बसायची. पण शिकवायची मन लावून. मग सकाळी कॉलेज, दुपारी संस्था, संध्याकाळी बोर्डाचे पेपर तपासणं आणि त्यानंतर खाणावळीच्या लांब टेबलावर लॅपटॉप. त्याच टेबलावर एके काळी आठ-आठ कामगार जेवायचे. टेबलाच्या कडा त्यांच्या कोपरांनी गुळगुळीत झाल्या आहेत. त्या गुळगुळीत जागेवर कोपर टेकून मी रोज तेच आकडे बघायचे, आणि कधी कधी नुसती कोपर टेकूनच बसायचे.

दर सहा महिन्यांनी प्रगती समितीपुढे उभं राहायचं. तीन माणसं, बिस्किटं, चहा. शेरा ठरलेला, प्रगती समाधानकारक. मला कधीकधी विचारावंसं वाटायचं की समाधान नेमकं कुणाचं, पण बिस्किटं चांगली असायची.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी ती जादा मात्रा पकडली. निदान तसं वाटलं. सुरेख आलेख आले, आम्ही पेपर लिहिला, पाठवला. महिने गेले आणि परीक्षकाचं उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य होती. त्यानं एवढंच विचारलं होतं की लेखकांनी शेजारी पाहिला आहे का.

हे जरा सांगावं लागेल. उपग्रहाच्या कॅमेऱ्याचा एक एक चौकोन आकाशाचा बराच मोठा तुकडा व्यापतो. त्यात आपला तारा असतो, आणि खेटून दुसरा एखादा असेल तर त्याचाही उजेड त्याच चौकोनात पडतो. माझ्या ताऱ्याच्या शेजारी एक मंद, किरकोळ तारा होता. तोही रूपविकारी होता. जादा मात्रा त्याची होती. तीन वर्षं मी त्याचं गाणं माझ्या ताऱ्याच्या नावावर लिहीत होते.

आणि मी कुठे राहते? चाळीत. तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना पातळ भिंती. पलीकडच्या खोलीतली फोडणी आमच्या घरात शिंकते. अलीकडच्या खोलीतली मालिका आम्ही टीव्ही न लावता पाहतो. कुणाच्या घरातला आवाज कुठून येतो हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. जगात ही चूक कुणी करायला नको होती तर ती मी.

सरांना मी हे हसत हसत सांगितलं. ते नेहमीप्रमाणे हसले नाहीत. म्हणाले, मॅडम, असं होतं. शेजाऱ्याचा उजेड मोजून वजा करू, मग मागे काय उरतं ते पाहू. हेच आपल्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण. मी हो सर म्हटलं, घरी आले आणि नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी लिहिलं, कौटुंबिक. माझ्या कुटुंबानं बिचाऱ्यानं काहीही केलं नव्हतं. सकाळी डबा, संध्याकाळी चहा, कधी एका शब्दानं बोललं नव्हतं. पण थकले आहे, असं लिहायला अर्जात जागा नसते.

अर्ज पिशवीत घालून मी चार दिवस फिरवला. संस्थेत द्यायला काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते चाळीचं. गणपती तोंडावर आले होते आणि माझं नाव पुन्हा पुकारलं जाणार होतं. सोडलेल्या शिक्षणासाठी कंपास घ्यायला मी जाणार नव्हते, तेवढी लाज होती. म्हणून आधी मंडळातून नाव काढायचं आणि मग संस्थेतून, असं ठरवलं.

एका शनिवारी संध्याकाळी मी तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत गेले. मखराचं काम चाललं होतं, सगळीकडे पुठ्ठा आणि खळ. सेक्रेटरी टेबलाशी यादी लिहीत बसले होते. मी म्हटलं, भावजी, यंदा माझं नाव काढा.

"काढलंय वहिनी," ते म्हणाले. "मीच वर येणार होतो सांगायला."

का, मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. अडचणीचं बोलताना ते चष्मा काढतात, समोरचा दिसू नये म्हणून. कमिटीनं यंदा ठरवलं होतं की सलग तीन वर्षं उत्तेजनार्थ झालं की चौथ्यांदा द्यायचं नाही. पोरांची समजूत होते की काही झालं तरी कंपास मिळतोच. तुमच्यासाठी म्हणून नाही, ते म्हणाले, पण सध्या तीन वर्षंवाल्या तुम्हीच आहात.

"मी नापास नाही झालेय," मी म्हटलं.

"मग पास झालात?"

"नाही."

"मग काय म्हणायचं त्याला?"

पुठ्ठा कापणारे हात थांबले होते. मी नाव काढायला आले होते आणि ते काढलेलं होतं. काम झालं होतं. पिशवीत अर्ज होता. मी भावजी ठीक आहे म्हणून जिना चढू शकत होते. त्याऐवजी मी खुर्ची ओढली, बसले, आणि त्यांना माझा तारा सांगितला. सगळा सांगितला. चौकोन, शेजारी, जादा मात्रा, परीक्षकाचं पत्र. वर्गात इतकं चांगलं मी कधी शिकवलेलं नाही. माझा आवाज चढला होता हे मला नंतर कळलं. तीन वर्षांत एक तारा चुकला, दुसरा सापडला, म्हटलं, आणि तुम्ही मला पाचवीच्या पोरासारखं रांगेबाहेर काढता?

त्यांनी चष्मा परत लावला. "मग आता त्या शेजाऱ्याचं काय करणार?"

"वजा करणार."

"किती दिवस लागतील?"

"वर्ष," मी म्हटलं. म्हटलं आणि मग ते मलाच ऐकू आलं.

"म्हणजे पुढच्या गणपतीला मार्कशीट येईल."

मी सांगितलं की पीएचडीला मार्कशीट नसते. जे काय असेल त्याची झेरॉक्स द्या, ते म्हणाले. त्यांनी यादीत खाली, उत्तेजनार्थच्याही खाली, माझं नाव पुन्हा लिहिलं आणि पुढे थोडा विचार करून लिहिलं, निकाल राखीव. पेन बंद केलं. पुठ्ठ्यावर पुन्हा कात्री चालू लागली.

जिना चढताना गुडघे दुखत होते. कसला विजय वगैरे वाटला नाही. उलट वाटलं की सुटायला गेले आणि स्वतःच्या तोंडानं स्वतःला वर्षभर बांधून आले. सासूबाई गॅलरीत बसल्या होत्या. आमच्या चाळीत तळमजल्यावर कुणी आवाज चढवला तर तो तिसऱ्या मजल्यावर जास्त स्पष्ट येतो.

"झगडान इलंस काय गो?"

हो म्हटलं. आणि वर्ष मागून आले.

"वर्षाचा दोन वर्सां होतली," त्या म्हणाल्या. "होवंदेत. मी खय जातंय." त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत.

पाचव्या दिवशी मी मागे खुर्चीत बसून होते. मुलं गेली, कंपास घेऊन आली. शेवटी माईकवर माझं नाव, विषय खगोलशास्त्र, निकाल राखीव, असं वाचलं गेलं आणि ज्यांना कशासाठी ते कळलं नाही त्यांनीही सवयीनं टाळ्या वाजवल्या. मी उठले नाही. उठायचं नव्हतंच.

अर्ज पिशवीतच राहिला होता. माझं माहेर कारकुनांचं, पाठकोरा कागद आमच्याकडे फेकत नाहीत. त्याच्या मागच्या बाजूला मी तिसऱ्या प्रकरणाची कामं लिहून काढली आहेत आणि तो खाणावळीच्या टेबलावर गोळ्यांच्या कंपासखाली दाबून ठेवला आहे. सासूबाई गोळी घ्यायला कंपास उचलतात तेव्हा तो पंख्यानं उडतो, मी धरते, परत ठेवते. एक एक काम खोडते आहे. वेग माझ्या वयाचा आहे.

"काढलंस काय गो त्या शेजाऱ्याक?" त्या पाणी पिता पिता विचारतात.

अजून नाही, मी सांगते.

"मगे आधी जेवान घे," त्या म्हणतात, आणि मी लॅपटॉप बाजूला सरकवून त्याच टेबलावर ताटं मांडते.